लाइट आहे, पण कोणती?

दिवाळी सरली की फर्दापूर, सोयगाव आणि खाली वाकोद-पहूरपर्यंतच्या शिवारातून माझ्या दुकानात जळालेल्या मोटारी यायला लागतात. कापसाची वेचणी चाललेली असते, गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं, मका तहानलेला असतो. वर्षभर कोपऱ्यात पडून असलेल्या मोटारी याच दिवसांत एकदम कामाला लागतात आणि याच दिवसांत जळतात. मोटारसायकलला दोरीने बांधून आणलेली मोटार खाली ठेवता ठेवता शेतकरी सांगतो, "लाइट होती मिस्त्री. लाइट असताना जळाली."

त्याचं म्हणणं खरं असतं. लाइट नसताना मोटार जळत नाही, ती थांबते. जळते ती लाइट असताना, पण ती लाइट पुरी नसते. तीनपैकी एक फेज गेलेला असतो, किंवा एका फेजचा दाब खाली बसलेला असतो. खोपीतला दिवा मात्र लागलेला असतो, म्हणून माणूस निर्धास्त असतो. वायरमनकी आणि मोटार रिवायंडिंग यांत माझी उमेदीची वर्षं गेली. त्यातून मी जे शिकलो त्याचा गाभा एवढाच आहे: "आहे" आणि "नाही" यांच्या मध्ये अर्धवट विजेचा एक मोठा पट्टा असतो, आणि शेतकऱ्याचं बहुतेक नुकसान त्या पट्ट्यात होतं. सिंगल फेज आणि थ्री फेज यांतला फरक ज्याला कळला, तो या नुकसानातून बराचसा वाचतो. हा फरक कळायला शाळा-कॉलेज लागत नाही. कुणीतरी नीट बसून सांगावं लागतं.

मी काम जळगावला शिकलो. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स झाला होता. तीन फेजांमधलं १२० अंशांचं अंतर वहीत काढता येत होतं, परीक्षेत लिहिताही आलं होतं. ते अंतर प्रत्यक्षात काय करतं, हे मात्र रिवायंडिंगच्या दुकानात कळलं. तिथले वयस्कर मिस्त्री शिकलेले कमी, पण त्यांची नजर फार तयार होती. मोटार उघडली की मी लगेच छिन्नी-हातोडी घेऊन जळालेल्या कॉइल कापायला बसायचो. ते हात धरायचे. "आधी उजेडात धर. काय जळालंय ते बघ. मोटार कशाने गेली हे कळल्याशिवाय तांबं कापायचं नाही."

त्यांनी दाखवलं तसं मी पाहायला लागलो. स्टेटरमध्ये तीन फेजांच्या कॉइलचे तीन गट ठरावीक अंतराने बसवलेले असतात. स्टार जोडणीच्या मोटारीत दोन गट कोळशासारखे काळे आणि तिसरा नव्यासारखा पिवळा दिसला, तर समजायचं की एक फेज तुटला होता आणि उरलेल्या दोन फेजांवर मोटार ओढत राहिली. डेल्टा जोडणीत हेच उलटं दिसतं: एक गट जळतो, दोन शाबूत राहतात. तिन्ही गट सारखे करपलेले असतील तर मोटारीवर भार जास्त होता, पंख्यात गाळ अडकला होता किंवा दाब फार कमी होता. एकाच खाचेत एकच काळा ठिपका असेल तर इन्शुलेशन फाटलं होतं किंवा पाणी शिरलं होतं. त्या दिवसांपासून मी गिऱ्हाइकाला आधी कारण सांगतो आणि मग भाव सांगतो. कारण न सांगता भरून दिलेली मोटार त्याच विहिरीवर, त्याच लाइनवर जाते आणि तशीच परत येते.

लोकांना तीन फेज समजावताना मी उखळाचा दाखला देतो. एका उखळाभोवती तिघीजणी उभ्या राहून आळीपाळीने मुसळ घालतात. एकीचं मुसळ खाली आलेलं असतं, दुसरीचं निघालेलं असतं, तिसरीचं वर असतं. उखळ क्षणभरही रिकामं राहत नाही, आणि कुणा एकीवर सगळा भार पडत नाही. तीन तारांमधली वीज अशीच पाळीने जोर लावते, सेकंदाला पन्नास फेऱ्या. एकटीने कांडलं तरी दाणे सडले जातात, पण दोन घावांमध्ये खंड पडतो. तो सिंगल फेज. आणि तिघींतली एक अचानक निघून गेली, तरी कांडण तेवढंच राहिलं, तर उरलेल्या दोघींच्या हातांना फोड येतात. मोटारीत तो फोड म्हणजे जळालेली कॉइल.

आकड्यांत सांगायचं तर पाच अश्वशक्तीची मोटार तिन्ही फेजांवर नीट चालताना प्रत्येक तारेतून साधारण साडेसात अँपिअर ओढते. एक फेज गेला तरी फिरत असलेली मोटार लगेच थांबत नाही. पाणी चालूच राहतं. फक्त उरलेल्या दोन तारांतून सुमारे पावणेदोनपट, म्हणजे तेरा अँपिअरच्या आसपास करंट वाहायला लागतो. करंट पावणेदोनपट झाला की तारेतली उष्णता तिप्पट होते. शेतकरी बांधावर दारं धरून उभा असतो, पाणी येतंय म्हणून समाधानात असतो, आणि तिकडे विहिरीवर वार्निश वितळत असतं. तेच मोटार बंद असताना फेज गेलेला असेल, तर ती सुरूच होत नाही. नुसती गुरगुरते. ती गुरगुर ऐकून ताबडतोब बटण बंद केलं तर मोटार वाचते. "उचलेल, उचलेल" म्हणून धरून ठेवलं तर थोड्याच वेळात वास यायला लागतो.

तीन फेजांची मोटार स्वतःहून फिरते, कारण पाळीने येणाऱ्या तीन प्रवाहांमुळे स्टेटरच्या आत एक चुंबकीय क्षेत्र गोल फिरत राहतं आणि रोटर त्याच्यामागे ओढला जातो. ही फिरत्या क्षेत्राची कल्पना १८८८ साली इटलीत गॅलिलिओ फेरारिस आणि अमेरिकेत निकोला टेस्ला यांनी स्वतंत्रपणे जगापुढे आणली. पुढच्याच वर्षी जर्मनीत काम करणाऱ्या मिखाईल दोलिवो-दोब्रोवोल्स्की या रशियन इंजिनिअरने तीन फेजांची, आज आपण वापरतो तशीच मोटार बनवली. १८९१ मध्ये लाउफेनहून फ्रँकफुर्टपर्यंत सुमारे १७५ किलोमीटर तीन फेजांची वीज नेऊन दाखवली गेली. आमच्याकडच्या विहिरीवरची मोटार अजून त्याच पद्धतीची आहे. भुसावळजवळच्या दीपनगरच्या केंद्रात जनित्र मिनिटाला ३००० फेरे फिरतं, आणि माझ्या दुकानातून भरून गेलेली दोन पोलची मोटार वाघूरच्या काठी २८८० च्या आसपास फिरते. मधे घाट आहेत, टॉवर आहेत, सबस्टेशनं आहेत. तरी दोन्ही एकाच तालात चालतात. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा या कामाबद्दल वाटणारा आदर वाढला. आजही तो तसाच आहे.

एका फेजच्या विजेत असं फिरणारं क्षेत्र तयार होत नाही. ते जागच्या जागी वाढतं आणि ओसरतं. म्हणून घरच्या पंख्यात, पाण्याच्या छोट्या मोटारीत कपॅसिटर बसवून दुसऱ्या वाइंडिंगमधला प्रवाह थोडा पुढे सरकवावा लागतो, तेव्हा ती एका ठरावीक दिशेने फिरायला लागते. एक-दोन अश्वशक्तीपर्यंत हे ठीक चालतं. त्याच्या पुढे तीन फेज घ्यावेत. त्यात तार बारीक लागते, मोटार लहान होते आणि जोर एकसारखा मिळतो. घरात फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये २३० व्होल्ट असतात. दोन फेजांमध्ये ते ४०० च्या आसपास असतात. जुन्या मोटारींच्या पाटीवर ४१५ लिहिलेलं असतं. २३० दुणे ४६० का होत नाहीत, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. दोन्ही फेज एकाच क्षणी टोकाला पोहोचत नाहीत, म्हणून दुप्पट होत नाही, १.७३ पट होतं. हे उत्तर ऐकून एका सातवीपर्यंत शिकलेल्या शेतकऱ्याने मला उखळाचीच आठवण करून दिली: "म्हणजे तिघींची मुसळं एकदम वर नसतात, तसं." तो बरोबर होता.

आमच्याकडे २००५ नंतरची काही वर्षं फार कठीण गेली. त्याच साली जूनमध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण कंपनी आली. राज्यात विजेचा तुटवडा होता आणि खेड्यांत तासन् तास भारनियमन होतं. गावात निदान संध्याकाळी उजेड असावा, पण त्या वेळी शेतीचे पंप चालू नयेत, म्हणून सिंगल फेजिंगची योजना आली. ठरावीक तास तीन फेज, उरलेल्या वेळात फक्त दिव्यापुरता सिंगल फेज. कल्पना चुकीची नव्हती. पोरं दिव्याखाली अभ्यासाला बसायला लागली, हे मी माझ्या घरातही पाहिलं. पण शेतातलं पीक वेळापत्रक बघून तहानत नाही. मग सुरू झाला कंडेन्सरचा उद्योग. डब्यात मोठे कपॅसिटर भरायचे, सिंगल फेजमधून कृत्रिम तिसरा फेज उभा करायचा आणि पाच अश्वशक्तीची मोटार ओढायची.

त्या काळात हे डबे बनवून देण्यात चांगला पैसा होता. माझ्याकडेही लोक यायचे. मी नको म्हणायचो आणि कारण सांगायचो. कपॅसिटरने तयार केलेला फेज एका ठरावीक भारालाच जुळतो. विहिरीचं पाणी खाली गेलं, भार बदलला की तोल जातो आणि एक वाइंडिंग तापत राहतं. शिवाय वीस जणांनी असे डबे लावले की गावठाणाचा डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, तापतो, सगळ्यांचे दिवे मंद होतात आणि एखाद्या रात्री डीपीच जातो. मग दुरुस्ती होईपर्यंत उजेडही नाही आणि पाणीही नाही. कपॅसिटरमध्ये लाइट बंद केल्यावरही चार्ज साठून राहतो. उघड्या टोकांना हात लागून झटके बसलेले मी पाहिले आहेत. काही जणांना पटलं, काही जण दुसरीकडे गेले. मला त्यांचा राग कधी आला नाही. समोर बोंडं गळताना दिसत असली की माणूस हाती लागेल तो उपाय करतो. पुढे गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे होत गेले, तेव्हा हे डबे हळूहळू अडगळीत पडले. यंत्रणेची रचना बदलली की माणसांचं वागणंही बदलतं, उपदेशाने बदलत नाही तेवढं, हा धडा मी तिथे घेतला.

फीडर वेगळे झाले तरी शेतीचे तीन फेज पाळीनेच येत राहिले: कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी म्हणजे थंडीत, अंधारात, बॅटरी घेऊन दारं धरायला जाणं. साप, रानडुकरं, डोंगराच्या कडेला बिबट्या. म्हणून लोकांनी ऑटो स्विच बसवले, लाइट आली की मोटार आपोआप सुरू. यात सोय आहे, तसा धोकाही आहे. तिन्ही फेज नीट आलेत का, हे तपासणारं सिंगल फेज प्रिव्हेंटर नावाचं छोटं उपकरण पेटीत असेल तर ऑटो ठीक. पण हे उपकरण दाब असमान असला की मोटार बंद करतं, आणि आमच्या लाइनवर दाब पुष्कळदा असमान असतो. मग माणूस वैतागतो आणि वायर डायरेक्ट करायला लावतो. "ते यंत्र सारखं ट्रिप होतं, काढून टाका ना मिस्त्री." मी विचारतो, ते ट्रिप होतं तेव्हा मोटार जळाली का? उत्तर नाही असं असतं. जे उपकरण काम करताना अडचणीचं वाटतं तेच आपलं राखण करत असतं, हे पटवणं माझ्या धंद्यातलं सगळ्यांत अवघड काम आहे. कॉइल भरणं त्यापेक्षा सोपं.

काही वेळा मोटार शाबूत असते, तिन्ही फेज असतात, तरी पाणी येत नाही. एका वस्तीवरचा डीपी बदलला आणि दुसऱ्या दिवशी चार-पाच विहिरींवर तीच तक्रार आली: मोटार चालते, पण धार बारीक. कुणी म्हणालं विहीर आटली, कुणी म्हणालं पंखे झिजले. एकाने तर पंप बाहेर काढायला माणसं बोलावली होती. सगळ्यांची तक्रार एकाच दिवशी सुरू झाली, यातच उत्तर होतं. नव्या जोडणीत फेजांचा क्रम बदलला होता आणि सगळ्या मोटारी उलट्या फिरत होत्या. उलटा फिरणारा पंपही थोडं पाणी फेकतो, म्हणून शंका येत नाही. प्रत्येक पेटीतल्या दोन तारांची अदलाबदल केली आणि पूर्ण धार सुरू झाली. तीनपैकी कुठल्याही दोन तारा बदलल्या की फिरतं क्षेत्र दिशा बदलतं, खर्च शून्य. तेव्हापासून मी सांगत आलो, डीपी बदलला किंवा लाइन जोडली की आधी पाण्याची धार बघा, मग बाकीचं.

अशीच एक गोष्ट डीओची. डीपीच्या वरच्या अंगाला, ११ केव्हीच्या बाजूला तीन डीओ फ्यूज असतात. त्यातला एक उडाला की गावात विचित्र चित्र दिसतं. एका गल्लीत दिवे लख्ख, बाकीच्या दोन गल्ल्यांत ट्यूबलाइट लागत नाही आणि पंखे रेंगाळतात. कारण डीपीच्या जोडणीमुळे एका फेजला पूर्ण २३० व्होल्ट मिळतात आणि उरलेल्या दोघांना त्याच्या निम्मे. गंमत अशी की त्या दोन अर्ध्या फेजांमध्ये मीटर लावला तर आकडा शून्याजवळ येतो, कारण ते दोघे एकाच वेळी वर-खाली होत असतात. पाळी उरलेलीच नसते. टेस्टर मात्र तिन्ही तारांवर पेटतो. "तिन्ही फेज आहेत, मंग मोटर काऊन उचलत नाही?" असा प्रश्न येतो. टेस्टरचा लुकलुकता दिवा वीज आहे एवढंच सांगतो. किती आहे आणि तीन फेजांचं नातं काय आहे, हे त्याला कळत नाही. ते मीटरलाच विचारावं लागतं.

टेस्टरवर विसंबण्यातला दुसरा धोका जिवावरचा आहे. एक फेज तुटलेला असताना आजूबाजूच्या मोटारी चालू असतील, तर त्यांच्या वाइंडिंगमधून त्या मेलेल्या तारेवर उलटा दाब येतो. डीपीचा एक फ्यूज काढला, म्हणजे ती तार थंड झाली, असं समजून हात लावणाऱ्याला झटका बसतो. एखाद्याच्या जनरेटरमुळेही बंद लाइन जिवंत होते. मी लाइनवर काम करताना खांबाच्या दोन्ही बाजूंनी शॉर्ट करून अर्थ केल्याशिवाय तार धरत नाही, आणि परमिट घेतल्याशिवाय खांबावर चढत नाही. काठीने डीओ बसवणारे, ओल्या पायांनी किटकॅट फ्यूज ओढणारे शेतकरी मी खूप पाहिले आहेत. लाइनमन लांबच्या गावी असतो, पाणी द्यायची पाळी निघून चाललेली असते, म्हणून ते असं करतात. त्यातले काही परत घरी गेले नाहीत. त्यांच्या दारात जाऊन बसण्याची वेळ माझ्यावर आली आहे. म्हणून या बाबतीत मी कुणाचंही मन राखत नाही: डीपीला शेतकऱ्याने हात लावायचा नाही, पीक गेलं तरी.

न्यूट्रलचं महत्त्व लोकांना उशिरा कळतं, कारण ती तार काही करताना दिसत नाही. तिन्ही फेजांवर भार सारखा असला तर तिच्यातून जवळजवळ काहीच वाहत नाही. तिघांचे प्रवाह एकमेकांना फेडून टाकतात. भार असमान असला की उरलेला हिशेब न्यूट्रल सांभाळते. एकदा वादळात गावातली न्यूट्रल तुटली आणि काही घरांतले टीव्ही, फ्रिज, चार्जर एका फटक्यात गेले, तर काही घरांत दिवे नुसते लालसर झाले. न्यूट्रल नसली की दोन फेजांवरची घरं एकामागोमाग एक जोडल्यासारखी होतात आणि ४०० व्होल्ट आपसांत वाटून घेतात. ही वाटणी बरोबरीची नसते. एका घरात दोन हजार वॅटचं हीटर असेल आणि दुसऱ्यात फक्त शंभर वॅटचा दिवा, तर हीटरवर वीसेक व्होल्ट पडतात आणि दिव्यावर ३८० च्या आसपास. म्हणजे ज्याच्याकडे कमी वापर त्याचं नुकसान जास्त. गरिबाच्या घरातला एकुलता एक टीव्ही आधी जातो. डीपीजवळची न्यूट्रलची पकड घट्ट आहे का, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलाय का, या गोष्टी ग्रामसभेत विचारायच्या असतात, असं मी तेव्हापासून दरवर्षी म्हणतो.

तोल सांभाळण्याचा हा विचार मला रस्त्यावरच्या एका लॉजच्या कामात पूर्ण उमगला. अजिंठ्याची लेणी बघायला येणारी माणसं फर्दापुरात उतरतात, आणि गेल्या काही वर्षांत खोल्याखोल्यांतून एसी आले. त्या लॉजमध्ये कनेक्शन तीन फेजांचं होतं, पण खोल्या वाढत गेल्या तशा जवळची तार पकडून जोडत गेल्या होत्या. बहुतेक एसी लाल फेजवर आले, पिवळ्यावर थोडे दिवे, निळ्यावर पाण्याची मोटार. उन्हाळ्यात लाल फेजचा फ्यूज रोज जायचा आणि न्यूट्रलची तार हाताला चटका बसेल इतकी तापायची. मालक मोठं कनेक्शन घेण्याच्या तयारीत होते. टंग टेस्टर लावून तिन्ही तारांचा करंट कागदावर लिहिला आणि त्यांना दाखवला. एकीकडे चाळीसच्या वर, दुसरीकडे दहाही नाही. मग खोल्या तीन फेजांवर वाटल्या. कनेक्शन तेच, मीटर तोच, पण फ्यूज जायचे थांबले. वीज कमी पडत नव्हती, वाटप चुकलेलं होतं. त्यानंतर कुठल्याही जागी भार वाढवून मागण्याआधी मी तिन्ही तारा मोजून बघतो.

या सगळ्यात माझ्या विचाराला वळण देणारी व्यक्ती एक शेतकरी बाई होती. नवरा वाळूजला कंपनीत, शेत तिच्यावर. मोटार दुसऱ्यांदा जळाली तेव्हा ती म्हणाली, "दादा, तुमचं ते सगळं शास्त्र मला नको. कोणता आकडा दिसला तर मोटर लावायची नाही, एवढं सांगा." मी पेटीवर व्होल्टमीटर आणि तीन फेज बघायचा फिरता स्विच बसवून दिला आणि आतल्या बाजूला खडूने लिहिलं: कुठलाही आकडा ३५० च्या खाली असेल तर लावायची नाही, तिघांपैकी एक आकडा बाकीच्यांपेक्षा वीसने वेगळा असेल तर लावायची नाही, मोटर गुरगुरली तर लगेच बंद. कारणंही तिनेच नंतर विचारली. दाब चारशेचा तीनशे झाला तर मोटारीचा जोर जवळजवळ निम्म्यावर येतो, कारण जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. आणि दाबातला थोडासा असमतोल करंटमध्ये सहा ते दहापट होऊन उतरतो. तिची मोटार नंतर जळून आली नाही. शेजारच्या बांधांवरही तसेच मीटर बसले, आणि त्यांना वाचायला तिनेच शिकवलं. लोकांना अवघड वाटेल म्हणून आपण जे सांगायचं टाळतो, ते त्यांना नीट सांगितलं तर कळतं. टाळणं ही आपली सोय असते.

आता दिवस बदलत आहेत. २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीला दिवसा वीज देण्याचं काम चालू आहे, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून वीजबिल माफ आहे, आणि मागेल त्याला सौर पंपाच्या योजनेतून जमिनीच्या प्रमाणात तीन, पाच किंवा साडेसातचे पंप शेतात उभे राहत आहेत. काही जण म्हणतात, आता फेजांचं दुखणं संपलं. पूर्ण संपलं नाही. पॅनलमधून येणारी वीज एकाच दिशेने वाहणारी असते. पेटीतला कंट्रोलर तिचे पुन्हा तीन फेज करतो, तेव्हा मोटार फिरते. तिथेही एक तार सैल झाली तर मोटार गुरगुरते, दोन तारा बदलल्या तर उलटी फिरते. फक्त हे तीन फेज आता दीपनगरहून न येता बांधावरच तयार होतात. रात्रीची पाळी मात्र ज्यांची सुटली त्यांच्या घरातली काळजी खरोखर कमी झाली आहे, आणि याचा मला मनापासून आनंद आहे.

माझं पोट जळालेल्या मोटारींवर चालतं. सगळे तीन आकडे बघायला शिकले तर माझ्याकडे येणाऱ्या मोटारी कमी होतील, हे मला माहीत आहे. तरी मी शिकवतो, आणि दुकानात काम शिकायला येणाऱ्या पोरांनाही पहिल्या दिवसापासून तेच करायला लावतो. एक मोटार भरून घ्यायची म्हणजे शेतकऱ्याच्या खिशातून काही हजार जातात, ते एक वेळ परत येतील; पण ऐन फुलोऱ्यात चार दिवस पाणी चुकलं तर गेलेलं पीक त्या वर्षी परत येत नाही. वाचलेल्या पैशातून तो पाइपलाइन वाढवतो, घराला नीट वायरिंग करून घेतो, अर्थिंग घालतो, तेव्हा काम माझ्याकडेच येतं, आणि ते काम करताना कुणाचं तोंड उतरलेलं नसतं. म्हणून प्रत्येक विहिरीवर मीटर असावा, घरातल्या निदान एकाला तो वाचता यावा, आणि "लाइट आली का" याच्या पाठोपाठ "तिन्ही फेज सारखे आहेत का" हा प्रश्न विचारायची सवय लागावी, एवढं मला या धंद्याने शिकवलं आणि तेवढंच मी पुढे देतो.